श्रद्धा वेगवेगळ्या, गोळी मात्र वेळेवर



आपल्या वस्तीत असे घर शोधायला लांब जावे लागत नाही. बाहेरच्या खोलीत भिंतीवर भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली मेणबत्तीचा काळा डाग. आत स्वयंपाकाच्या फळीवर पिठाच्या डब्यामागे, लाल फडक्यात गुंडाळलेला मरीआईचा टाक. तो आजीचा. आणि सुनेच्या उशाखाली तिच्या माहेरून आलेले बायबल. तीन श्रद्धा, दोन खोल्या, एक चूल. सगळे निरोगी असतात तोवर हे घर कसेबसे चालते. आजारपण आले की भांडण सुरू होते, आणि भांडणात औषध मागे पडते. या महिन्यात त्याबद्दलच बोलायचे आहे.

मी वस्तीतल्या दवाखान्यात परिचारिका म्हणून काम करते. या विषयावर लिहायला मला एका मुलीने भाग पाडले. नाव सांगत नाही, पण तिच्यासारखी मुलगी तुमच्याही गल्लीत असेल.

तीन गुपिते सांभाळणारी मुलगी

मुलगी सातवीत. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत ती खाली कोसळली, हातपाय ताठ झाले, झटके आले, तोंडाला फेस आला. कुणी चप्पल हुंगवली, कुणी कांदा फोडला. दोन-तीन मिनिटांत झटके थांबले. मोठ्या दवाखान्यात मेंदूचा आलेख काढला, तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितले, मिरगी आहे, रोज सकाळ-संध्याकाळ गोळी, खंड पडू द्यायचा नाही. तीन महिने काहीच झाले नाही. मग एका आठवड्यात दोन फिट आल्या.

"गोळ्या चालू आहेत ना?" डॉक्टरांनी विचारले. "एकही चुकवलेली नाही," आई म्हणाली. बापाने मान डोलावली. डॉक्टरांनी गोळीचा डोस वाढवला. आता मुलगी वर्गात पेंगू लागली, हात थरथरू लागला, आणि फिट मात्र अधूनमधून येतच राहिली.

मी घरी गेले. बाप कामावर होता. मुलीने मला चहा दिला आणि हळूच म्हणाली, "सिस्टर, बाबांना सांगू नका हं." मग तिने सगळे सांगितले. आजीने तिच्याकडून पाच मंगळवार धरवले होते. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पोटात अन्न नाही, आणि उपाशीपोटी गोळी नको म्हणून सकाळची गोळीही नाही. आई जिथे प्रार्थनेला जायची तिथल्या एका बाईने आईला सांगितले होते, विश्वास पुरा असेल तर गोळी कशाला? म्हणून रात्रीची गोळी आई कधी द्यायची, कधी नाही. आणि बापाला यातले काही माहीत नव्हते, कारण त्याला सांगण्याची कुणाची छातीच नव्हती. पहिली फिट आली त्याच रात्री आजीने नातीच्या कपाळाला अंगारा लावला, तेव्हा त्याने अंगाऱ्याची पुडी मोरीत टाकली होती. "बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात ही थेरं चालणार नाहीत," असे त्याने सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे सांगितले होते.

बाराव्या वर्षी त्या मुलीकडे आजीचे एक, आईचे एक आणि बापापासून लपवायचे एक अशी तीन गुपिते होती. डॉक्टरांनी वाढवलेला डोस खोट्या माहितीवर वाढवलेला होता.

दोष कुणाचा? आजीचे नातीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? आई रात्र-रात्र तिच्या उशाशी बसायची. बापाची बाजू तर विज्ञानाची होती. तरीही औषध चुकले. एका घरात तीन श्रद्धा आहेत म्हणून ते चुकले नाही. घरात खरे बोलायची सोय उरली नव्हती, म्हणून चुकले. पुढचे सारे मुद्दे याच एका गोष्टीतून निघतात.

मिरगी म्हणजे काय

आपला मेंदू विजेच्या अगदी बारीक संदेशांवर चालतो. काही वेळ हे संदेश एकदम, बेताल सुटले की शरीराला झटके येतात, शुद्ध हरपते किंवा माणूस क्षणभर शून्यात बघत राहतो. असे पुन्हा पुन्हा होणे म्हणजे मिरगी. कुणी फेफरे म्हणते, कुणी आकडी. कारणे अनेक आहेत. जन्माच्या वेळी बाळाला प्राणवायू कमी पडणे, डोक्याला मार, मेंदूज्वर, मेंदूतली गाठ. आपल्याकडे आणखी एक कारण आढळते. अस्वच्छ पाणी आणि न धुतलेल्या कच्च्या भाज्यांतून पट्टकृमी नावाच्या चपट्या जंताची अंडी पोटात जातात आणि त्यांच्या गाठी मेंदूत होतात. बऱ्याच जणांमध्ये मात्र तपासूनही कारण सापडत नाही. कारण सापडले नाही याचा अर्थ करणी झाली असा होत नाही.

मिरगी कुणाच्या शापाने होत नाही, देव सोडल्यामुळे होत नाही, मागच्या जन्माच्या पापाने होत नाही. रुग्णाचा फेस किंवा लाळ लागून ती दुसऱ्याला होत नाही. योग्य औषध नियमित घेतले तर दहापैकी सात जणांच्या फिट थांबू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. साधारण दोन वर्षे एकही फिट आली नाही तर डॉक्टर औषध हळूहळू कमी करण्याचा विचार करतात. आपल्या मनाने एकदम बंद केले तर फिट जोराने उलटते, कधी एकामागून एक येत राहते, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. जागरण, उपास आणि चुकलेली गोळी ही तिन्ही फिट येण्याची नेहमीची निमित्ते आहेत. त्या मुलीच्या बाबतीत तिन्ही एकत्र आली होती, कारण मंगळवारी रात्री आजीबरोबर जागरणही असायचे.

मुलीच्या आईला आणखी एक भीती होती. बोलली नाही, पण डोळ्यांत दिसत होती. "हिचे लग्न कसे व्हायचे?" पूर्वी विवाहाच्या कायद्यात मिरगीचा अडथळा म्हणून उल्लेख होता. १९९९ साली हिंदू विवाह कायदा आणि विशेष विवाह कायदा या दोन्हींतून तो काढून टाकला आहे. मिरगी असलेल्या मुली शिकतात, नोकरी करतात, त्यांना मुले होतात. लग्न ठरल्यावर आणि दिवस राहण्याआधी डॉक्टरांना मात्र सांगायला हवे, कारण मिरगीची काही औषधे गर्भाला अपायकारक असतात आणि ती आधीच बदलावी लागतात.

एकाच घरात अनेक श्रद्धा का असतात

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा घेतली आणि लाखो लोकांना दिली. त्या दिवशी आणि नंतर अनेकांनी घरातले देव नदीत सोडले. पण दीक्षा माणूस घेतो, घराच्या भिंती घेत नाहीत. काही आज्यांच्या मनात मरीआई राहिली, कारण पटकीच्या साथीत दवाखाना नव्हता, डॉक्टर शिवत नव्हता, तेव्हा त्यांच्या आईला दुसरा आधारच नव्हता. त्या आजीला हसण्याआधी हे लक्षात घ्यावे. पुढे मुलांनी जातीबाहेर लग्ने केली, वेगळ्या घरांतल्या सुना आल्या. कुणी आजारपणात एकटे पडल्यावर ज्यांनी विचारपूस केली त्यांच्या प्रार्थनेला जाऊ लागले. कुणी एखाद्या बैठकीला जाते, कुणी काहीच मानत नाही.

खुद्द बाबासाहेबांच्या घरातही हे होते. त्यांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात भजने व्हायची, मुलांकडून रामायण-महाभारत वाचून घेतले जायचे. भीमराव त्यावर वडिलांना प्रश्न विचारीत आणि वडील त्यांना उत्तर द्यायचा प्रयत्न करीत. उत्तर पटले नाही असे बाबासाहेबांनी पुढे लिहून ठेवले आहे, पण प्रश्न विचारायची मुभा त्या घरात होती. माता रमाईंना पंढरपूरला जायची ओढ होती. ज्या देवळात आपल्याला बाहेर उभे राहावे लागते तिथे जाण्यापेक्षा आपण आपल्या चांगल्या कामातून दुसरे पंढरपूर उभे करू, अशी बाबासाहेबांनी त्यांची समजूत घातली. नकारामागे कारण होते, आणि ते त्यांनी रमाईंना समजावून सांगितले.

आपण मात्र कधी कधी कारण सांगायचे सोडून पुडी मोरीत टाकतो.

बुद्धाने काय केले

नालंदेचा गृहपती उपाली हा निगंठांचा मोठा उपासक. तो भगवान बुद्धांशी वाद घालायला गेला आणि त्यांचाच उपासक व्हायला तयार झाला. बुद्धांनी त्याला आधी नीट विचार करायला सांगितले. आणि उपाली आपल्या निर्णयावर ठाम राहिला तेव्हा सांगितले, की तुझे घर बराच काळ निगंठांना आधार देत आले आहे, ते दाराशी आले तर त्यांना भिक्षा देणे चालू ठेव. ही कथा मज्झिम निकायात आहे. मत बदलले म्हणून माणुसकी बंद करायची नाही, हा तिचा अर्थ.

संयुत्त निकायात धनंजानी नावाच्या ब्राह्मणीची गोष्ट आहे. तिची बुद्धांवर श्रद्धा, नवऱ्याची नाही. एकदा जेवण वाढताना तिचा पाय अडखळला आणि तोंडून बुद्धांचे नाव निघाले. नवरा भडकला, तुझ्या गुरूला वादात हरवतो म्हणून बुद्धांकडे गेला. काय मारले म्हणजे माणूस सुखाने झोपतो, असे त्याने विचारले. क्रोध मारला म्हणजे, असे उत्तर मिळाले.

आरोग्याच्या पानावर हे उत्तर जसेच्या तसे लागू पडते. रोजच्या भांडणाने झोप उडते, रक्तदाब वाढतो, डोके दुखते, ॲसिडिटी होते, घरातला पुरुष दारूच्या गुत्त्याकडे वळतो, सून जेवत नाही, आणि पोर अंथरूण ओले करू लागते. मिरगीच्या रुग्णाला तर अपुरी झोप आणि ताण थेट भोवतात. त्या घरात ज्या दोन रात्री कडाक्याचे भांडण झाले, त्यातल्या एकीच्या सकाळी मुलीला फिट आली होती.

"मग आम्ही प्रतिज्ञा मोडायच्या का?"

मुलीच्या बापाने मला हाच प्रश्न विचारला, आणि प्रश्न बरोबर आहे. बावीस प्रतिज्ञा ही काही तडजोडीची वस्तू नाही. पण प्रत्येक प्रतिज्ञा "मी" अशी आहे. मी पूजा करणार नाही, मी मानणार नाही. माझ्या आईचा हात मी धरून ठेवीन असे त्यात कुठे नाही. प्राणिमात्रावर दया करीन, हे मात्र त्यात आहे. आई आपल्या मार्गाने गेली तर मुलाची प्रतिज्ञा मोडत नाही. मुलगा तिच्यावर धावून गेला तर त्याने घेतलेल्या शीलाला नक्की धक्का लागतो.

बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या संविधानाच्या २५ व्या कलमाने प्रत्येक माणसाला, म्हणजे घरातल्या आजीला आणि सुनेलाही, श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आहे. पण त्याच कलमात त्या स्वातंत्र्याला मर्यादा घातल्या आहेत. त्यात सार्वजनिक सुव्यवस्था आहे, नीतिमत्ता आहे, आणि तिसरा शब्द आहे आरोग्य. हा शब्द आपल्या घरात लावून पाहा. मन मोकळे, पण कुणाच्या अंगाला इजा नाही. मला वाटते, अनेक श्रद्धांच्या घराला यापेक्षा सोपा नियम सापडणार नाही.

तीन टोपल्या

त्या घरात आम्ही बसून काय केले ते सांगते. श्रद्धेवर वाद घालायचा नाही असे आधीच ठरवले. घरात चालणारी प्रत्येक गोष्ट तीन टोपल्यांत टाकायची. कुणाची श्रद्धा खरी हे न विचारता एकच विचारायचे, याने शरीराला काय होते?

पहिल्या टोपलीत शरीराला इजा न करणाऱ्या गोष्टी. त्रिशरण-पंचशील, परित्राण पाठ, आईची प्रार्थना, आजीने कपाळाला लावलेला चिमूटभर अंगारा. यावर भांडायचे नाही. पटत नसेल तर पटत नाही म्हणावे, शांतपणे, आणि मूल झोपल्यावर. अंगारा पोटात मात्र द्यायचा नाही, मग तो या टोपलीत राहत नाही.

दुसऱ्या टोपलीत डॉक्टरांना विचारूनच करायच्या गोष्टी. उपास, काढे, जडीबुटी, जत्रेचा किंवा शिबिराचा लांबचा प्रवास, रात्रीचे जागरण. मधुमेहाची काही औषधे आणि इन्सुलिन घेणाऱ्याने उपास केला तर साखर एकदम उतरते, घाम सुटतो, थरथर होते, शुद्ध जाऊ शकते. खुद्द बाबासाहेबांना मधुमेह होता, आणि डॉक्टर असलेल्या माईसाहेबांनी त्यांच्या पथ्यपाण्याची आणि औषधाची काळजी घेतली. आपले लोकही या टोपलीत येतात. दहा दिवसांच्या ध्यानशिबिराला जायचे असेल तर मिरगी किंवा मानसिक आजार अर्जात लपवू नका, आणि औषध घरी ठेवून जाऊ नका. उपोसथाचा उपासही डॉक्टरांना विचारून.

तिसऱ्या टोपलीत कधीच न करायच्या गोष्टी. डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करणे. भूत काढायला मारणे, साखळीने बांधणे, मिरचीची धुरी देणे, चटके देणे, बिब्बा घालणे. कुत्रा किंवा साप चावल्यावर मंत्र टाकायला नेणे. कुत्रा चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि लस घ्यायची. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. साप चावला तर थेट रुग्णालय, कारण प्रतिविष तिथेच मिळते. टीबीची गोळी बरे वाटले म्हणून किंवा कुणी सांगितले म्हणून मध्येच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात. इथे कुणाच्या श्रद्धेला सूट नाही, आपल्याही नाही. महाराष्ट्रात २०१३ सालापासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, धुरी किंवा चटके देणे, आणि कुत्रा, साप, विंचू चावलेल्या माणसाला उपचारापासून अडवून गंडेदोरे करणे हे त्यात गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कुणाला त्रास न देता केलेल्या पूजा-प्रार्थनेला हा कायदा हात लावत नाही. म्हणजे कायद्यानेही पहिली आणि तिसरी टोपली वेगळी ठेवली आहे.

कसे बोलावे

घरात काय बोलतो त्यापेक्षा कधी आणि कसे बोलतो यावर बरेच अवलंबून असते. मला उपयोगी पडलेल्या काही गोष्टी.

मूल आजारी असताना, फिट येऊन गेल्यावर लगेच, कारण शोधत बसू नका. "तू देव सोडलेस म्हणून झाले" आणि "तुझ्या अंगाऱ्याने झाले" ही दोन्ही वाक्ये मुलाच्या कानावर पडतात. मूल त्याचा अर्थ एकच काढते, माझ्यामुळे घरात भांडण होते. मोठ्यांनी पोरीला "तुझ्यामुळे नाही, हा मेंदूचा आजार आहे" असे स्पष्ट सांगायला हवे. एकदा सांगून भागत नाही.

म्हाताऱ्या माणसाला आज्ञा करण्यापेक्षा काम द्या. आजीला म्हणालो, "आजी, अंगारा लावायचा तर लावा, पण लावायच्या आधी गोळी तुमच्या हाताने द्या." आजीला नातीसाठी काही करायचे होते. आता तिच्या हाताला काम मिळाले. मंगळवारचा उपास आजीने स्वतःपुरता ठेवला. नातीच्या वाट्याचे दोन घास तिनेच जास्त खाऊ घातले.

दुसऱ्याच्या श्रद्धेतलेच बोट धरा. मुलीच्या आईला मी म्हणाले, "तुम्ही डॉक्टरांसाठीही प्रार्थना करा, आणि तुमच्या पास्टरना एकदा सरळ विचारा, गोळी बंद करा असे तुम्ही सांगता का?" तिने विचारले. त्यांनी गोळी चालू ठेवा असेच सांगितले. बंद करा हा त्या शेजारणीचा शोध होता. बहुतेक वेळा असेच असते.

आणि ज्याला राग लवकर येतो त्याने एक वाक्य शिकून ठेवावे. "तुम्ही काय करता ते मला सांगा, मी ओरडणार नाही." त्या बापाला हे वाक्य म्हणायला आठवडा लागला. पण म्हणाला. त्या रात्री आजी आणि आई दोघींनी सांगितले, आणि दुसऱ्या दिवशी तिघे मिळून डॉक्टरांकडे गेले. खरी माहिती मिळाल्यावर डॉक्टरांनी डोस पुन्हा कमी केला.

डॉक्टरांपासून काही लपवू नका. काढा घेतला, उपास केला, गोळी चुकली, भगताकडे जाऊन आलो, सगळे सांगा. एखादे डॉक्टर रागावतील. रागावले तरी सांगा, कारण औषधाचा डोस तुमच्या बोलण्यावर ठरतो.

फिट आली तर

घाबरू नका, घड्याळ बघा. माणसाला एका कुशीवर वळवा म्हणजे लाळ बाहेर येईल. डोक्याखाली घडी घातलेली ओढणी ठेवा, गळ्याची गुंडी सैल करा, चूल, पाणी, धारदार वस्तू दूर करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात चमचा, बोट, पाणी, औषध, काहीही घालू नका. चप्पल, कांदा, लोखंड यांचा उपयोग नाही. पूर्ण शुद्धीवर येईपर्यंत शेजारी बसा. झटके पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले, एक फिट संपून शुद्ध यायच्या आत दुसरी आली, पहिलीच फिट असेल, बाई गरोदर असेल किंवा मार लागला असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

रोजच्या गोळीसाठी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर खूण करा. फिट आलेल्या तारखेवर वेगळी खूण. गोळ्या संपायच्या चार दिवस आधी आणून ठेवा. अडचण असेल तर आशाताईंना सांगा. घरातल्या कुणाला सारखी उदासी, भीती, कानात आवाज येणे, अंगात येणे असा त्रास होत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर कुठल्याही वेळी विनामूल्य बोलता येते. ते तुमची श्रद्धा विचारत नाहीत.

विहारांना एक विनंती

आपल्या बुद्धविहारात पौर्णिमेला वंदना होते, वर्षावासात ग्रंथवाचन होते. त्यात एक दिवस आजारपणावर बोलावे. आजारी भिक्खू घाणीत एकटा पडला होता, तेव्हा स्वतः भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला धुऊन पुसून अंथरुणावर निजवले, आणि आजाऱ्याची सेवा ही माझीच सेवा समजा असे भिक्खूंना सांगितले, हे आपण सांगतो. मग ज्या घरात अजून टाक आहे किंवा सून चर्चला जाते, त्या घरातल्या आजाऱ्याकडे बौद्धाचार्यांनी आणि उपासिकांनी आधी जावे. आजारपणात आपण विचारपूस केली नाही तर माणूस जिथे विचारपूस होते तिथेच जाणार. ती त्याची चूक म्हणता येत नाही.

त्या घरात आजही तीन श्रद्धा आहेत. पिठाच्या डब्यामागचा टाक तिथेच आहे, बायबल उशाखालून निघून उघड्या फळीवर आले आहे, आणि संध्याकाळी मेणबत्तीपुढे बाप आणि मुलगी वंदना म्हणतात. आजी दारात बसून ऐकते. कुणी कुणाला बदलले नाही. मुलगी पूर्ण बरी झाली असेही मी म्हणणार नाही, औषध अजून बराच काळ चालायचे आहे. पण दिनदर्शिकेवर गेले पाच महिने फिटची एकही खूण नाही. गोळीच्या खुणा ती स्वतःच्या हाताने करते, निळ्या पेनने. आणि तिला आता कुणाचेही गुपित सांभाळावे लागत नाही.